सेव्हिलला राहणं, बडोद्याच्या घड्याळावर

ताई,

मी तेवीस वर्षांची. घर दांडिया बाजारात, बी.कॉम. एम.एस. युनिव्हर्सिटीतून. ऑक्टोबरपासून स्पेनमध्ये सेव्हिलला स्पॅनिश शिकतेय, कोर्स जूनअखेर संपतो. आठवड्याला वीस तास वर्ग असतात. परीक्षेत दहापैकी नऊ मिळतात, पण रस्त्यावर आले की तोंडाला कुलूप. कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाई रोज काहीतरी म्हणतात, शेवटी 'आर्मा' ऐकू येतं. डिक्शनरीत पाहिलं तर आर्मा म्हणजे शस्त्र! मी हसते आणि बोटानं पाव दाखवते. बाकीचे दुकानदार माझा चेहरा पाहून थेट इंग्रजीत सुरू करतात.

एका सत्तरीच्या बाईंकडे खोली घेऊन राहते. शेजारच्या खोलीत नर्सिंग शिकणारी, जवळच्याच गावातली मुलगी आहे. दोघी चांगल्या आहेत, पण त्या रात्री दहाला जेवतात. मी साडेसातला खिचडी नाहीतर मॅगी करून खोलीत खाते. पाच ते साडेसहा आईचा व्हिडिओ कॉल असतो. ती रोज विचारते 'जेवलीस का' आणि रोज रडते. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. एकदा भाजीचं सूप मागवलं, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले. तेव्हापासून बाहेर खाणं बंद केलंय.

बाबा म्हणतात, बडोद्यात विमानाचा कारखाना आलाय, दुभाषे लागतील, अजून सहा महिने राहा. त्यांनी यासाठी कर्ज काढलंय. मामा फोनवर म्हणतो, 'बोलून दाखव की जरा.' आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. जूनमध्ये परत येऊ, की राहू?

— मुकी मैना

---

मैना,

आधी बेकरीचं मिटवू, ते लवकर मिटतं. त्या बाई शस्त्र म्हणत नाहीयेत. 'आल्मा' म्हणजे जीव. 'मि आल्मा' म्हणजे माझ्या जिवा. सेव्हिलच्या तोंडात शब्दामधल्या 'ल'चा 'र' होतो, म्हणून ते 'मिआर्मा' ऐकू येतं. 'के ते पोंगो, मिआर्मा?' म्हणजे 'काय देऊ गं, बाळा?' पाच महिने एक बाई तुला रोज सकाळी जीव म्हणतेय आणि तू पावाकडे बोट दाखवतेयस. उद्या सकाळी जा आणि म्हण, 'ऊना बार्रा, मिआर्मा', एक पाव, माझ्या जिवा. ती काउंटरच्या बाहेर येऊन तुझे गाल धरेल अशी तयारी ठेव.

यात तुझा दोष कुठेच नाही. तुझं पुस्तक माद्रिदकडचं स्पॅनिश शिकवतं आणि तू राहतेस दक्षिणेकडच्या आंदालुसियात. तिथे शेवटचा 'स' गिळतात, दोन स्वरांमधला 'द' गिळतात. 'मास ओ मेनोस'चं 'मा ओ मेनो' होतं, 'पेस्कादो'चं 'पेस्काओ', 'पारा'चं नुसतं 'पा'. आमच्या घरी झोपाळ्याला हिंचका म्हणतात. पुण्याच्या मावशीला ते दरवेळी दोनदा सांगावं लागतं, म्हणून तिचं मराठी कच्चं ठरत नाही. पुस्तकातली भाषा आणि गल्लीतली भाषा यांच्यातलं अंतर तुला पाच महिन्यांत कळलं, इतकंच झालंय.

आता मुख्य गोष्ट. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यातल्या फक्त वेळा एका कागदावर उतरवल्या. पाच ते साडेसहा फोन. साडेसातला जेवण. दहाला त्या दोघींचं जेवण. मग तुझा प्रश्न भाषेचा वाटेनासा झाला. तू राहतेस सेव्हिलला, पण मनगटावर घड्याळ दांडिया बाजारातलं आहे.

तिथला दिवस कसा जातो ते आठव. दुपारचं जेवण दोन-अडीचला, आणि तेच मोठं. जेवण झाल्यावर कुणी लगेच उठत नाही. ताटं तशीच, कॉफी येते, गप्पा चालू. या बसण्याला त्यांच्याकडे शब्द आहे, 'सोब्रेमेसा'. सहाच्या सुमाराला काहीतरी तोंडात टाकायला म्हणून माणसं बाहेर पडतात, मग उगाच एक फेरफटका. रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला. म्हणजे बोलण्याच्या जागा दिवसात तीन. पहिल्या वेळी तू वर्गातून येऊन झोपलेली असणार (हा माझा अंदाज, पण मीही तेच करायचे), दुसऱ्या वेळी तू आईशी मराठीत बोलतेस आणि तिसऱ्या वेळी तुझी खिचडी पचलेली असते. मग स्पॅनिश बोलणार कधी, वर्गातल्या त्या चार तासांत? तिथे तर शिक्षकच जास्त बोलतात.

त्यांच्या वेळा विचित्र आहेत असं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. नकाशावर स्पेन पोर्तुगाल आणि इंग्लंडच्या रांगेत आहे, घड्याळ मात्र जर्मनी-पोलंडकडचं. १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारनं घड्याळं एक तास पुढे केली, ती पुन्हा मागे आली नाहीत. सेव्हिल तर देशाच्या पश्चिमेकडे. या फेब्रुवारीत तुझ्या डोक्यावर सूर्य दीड वाजून गेल्यावर येतो. म्हणजे दोनचं जेवण सूर्याच्या हिशेबानं जेमतेम साडेबाराचं. तुझी आजी ज्या उन्हात जेवायची त्याच उन्हात ती माणसं जेवतात. आकडा तेवढा वेगळा.

आणि आता त्या टेबलाबद्दल. तू लिहिलं नाहीस, पण सत्तरीच्या बाईंचं सेव्हिलमधलं जुनं घर म्हटलं की बैठकीच्या खोलीत एक गोल टेबल असणारच. वरून जमिनीपर्यंत जाड कापड, आणि आत पायांपाशी शेगडी. पूर्वी निखाऱ्यांची असायची, आता विजेची. त्याला 'मेसा कामिया' म्हणतात. उन्हाळ्यात चाळिशीपार जाणारं हे शहर हिवाळ्यात घराच्या आत गारठतं. फरशा थंड, भिंती थंड, खोल्या तापवायची सोय पुष्कळ घरांत नसते. म्हणून सगळं घर त्या एका टेबलाभोवती येतं. कापड गुडघ्यांवर ओढायचं, टीव्ही लावायचा आणि टीव्हीतल्या प्रत्येक माणसाबद्दल मत द्यायचं. तू खोलीत दुलई पांघरून हातात फोन धरून बसतेस तेव्हा घरातली एकमेव ऊब आणि घरातलं सगळं स्पॅनिश भिंतीपलीकडे असतं.

मी १९९६ साली त्याच शहरात नऊ महिने होते, त्रियाना भागात. माझ्या घरमालकीणबाईंनी मला त्या टेबलाशी अक्षरशः हाताला धरून बसवलं. मी रोज संध्याकाळी दमून यायचे आणि आल्या आल्या म्हणायचे, 'एस्तोय कासादा.' त्या मान हलवायच्या. आठव्या-नवव्या दिवशी त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि फार हळुवारपणे विचारलं, 'मग तो कुठे असतो गं?' दमलेली म्हणजे 'कान्सादा'. 'कासादा' म्हणजे लग्न झालेली. आठवडाभर मी त्यांना रोज आपलं लग्न झालंय हे थकल्या आवाजात सांगत होते. त्या एका 'न'नं मला जेवढं शिकवलं तेवढं व्याकरणाच्या वहीनं शिकवलं नाही. पुढचे आठ महिने त्या घरात माझ्या काल्पनिक नवऱ्याची चौकशी चालू होती.

तुला चुकायची लाज वाटत असणार. तुझ्या घरातली नाही, माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझी आजी साताऱ्याहून लग्न होऊन शियापुऱ्यात आली. बडोद्यात साठ वर्षं राहिली आणि शेवटपर्यंत तिचं गुजराती ऐकून आम्ही नातवंडं तोंड लपवायचो. खंडेराव मार्केटात भाजीवालीसमोर उभी राहून ती विचारायची, 'बेन, आ वांगा किडका तो नथी ने?' गुजरातीत वांग्याला रींगण म्हणतात, किडक्याला सडेलुं. तिला दोन्ही माहीत नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. भाजीवाली हसायची, वांगं उलटंसुलटं करून दाखवायची, वर कोथिंबीर टाकायची. काही वर्षांनी मी एकटी मार्केटात गेले तेव्हा तीच भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होती, 'लई जाव बेन, किडका नथी.'

तुझी स्वतःची गुजराती तू कुठे शिकलीस ते आठवून बघ. क्लास लावला होतास? गरब्याच्या पासांसाठी रांगेत, रिक्षावाल्याशी भावावरून, शेजारच्या काकींच्या ओट्यावर. पहिली कित्येक वर्षं चुकत होतीस आणि कुणी मोजत नव्हतं. बडोद्याच्या मराठी माणसाला दोन भाषांत राहणं नवं नाही. (बडोदेकर कुठल्याही विषयात सयाजीराव आणतो, तर मीही आणते. १८७५ साली कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा गादीवर आणला तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी एकदम शिकवायला घेतल्या. तुला एकच शिकायचीय.)

शिवाय मराठी घेऊन स्पॅनिशकडे जाणाऱ्याला काही गोष्टी आयत्या मिळतात, त्या तुला शिक्षकांनी सांगितल्या नसणार, कारण ते इंग्रजीवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवून शिकवतात. 'मे गुस्ता एल ते' या वाक्यावर तुझ्या वर्गातली इंग्रज-अमेरिकन मुलं डोकं धरून बसली असतील. तू मराठीत म्हण: मला चहा आवडतो. झालं. 'मे गुस्तान लोस लिब्रोस', मला पुस्तकं आवडतात. क्रियापद पुस्तकांप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही, अगदी आपल्यासारखंच. ग्लास फुटला तर ते म्हणतात 'से मे कायो', म्हणजे माझ्या हातून पडला. 'मी पाडला' असं कबूल करायची पद्धत त्यांच्याकडेही नाही, आपल्याकडेही नाही. त्यांचा 'त' आणि 'द' आपलाच आहे. 'तू' म्हणजे तूच. तेव्हा बोलताना मनात इंग्रजी वाक्य जुळवून त्याचं स्पॅनिश करू नकोस. मराठीवरून सरळ उडी मार, नदी तिथे अरुंद आहे.

तर आता करायचं काय.

मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात. सध्या तुझ्यात आणि आईत साडेचार तासांचं अंतर आहे, त्या दिवसापासून साडेतीन होईल. आईच्या फोनची वेळ बदलायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. घड्याळ बदललं म्हणून वेळ बदलली, इतकं सरळ सांगता येईल, कुणाचं मन न दुखवता. सकाळी साडेआठला वर्गाकडे चालताना पंधरा मिनिटं बोल. तिकडे बारा वाजलेले असतील, कुकर उतरलेला असेल. चालताना व्हिडिओ नको, नुसता आवाज पुरे. रविवारी हवं तर तासभर चेहरा दाखव.

आई रडते याचं मला आश्चर्य वाटत नाही. तिला रोज रात्री साडेनऊ ते अकरा स्क्रीनवर काय दिसतं? अंधारी खोली, दुलई, एकटी पोर. त्या वेळी तू त्या दोघींबरोबर बाहेर असतीस तर तिला दिसायला वेगळं काहीतरी असतं. एकदा जेवणाच्या टेबलावरून दोन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठव, घरमालकीणबाईंना 'नमस्ते' म्हणायला लाव. दोन आया एकमेकींची भाषा न कळता जे बोलतील ते तू ऐकण्यासारखं असेल. आणि पार्सलनं भाकरवडी येत असेल तर ती खोलीत लपवून खाऊ नकोस. टेबलावर ठेव, 'हे काय आहे' या प्रश्नाला उत्तर देताना तुला वीस नवे शब्द लागतील.

रात्रीचं जेवण दहाला. पहिला आठवडा सातला पोटात कावळे ओरडतील, तेव्हा एक फळ, थोडे दाणे. घरमालकीणबाईंना तू सरळ विचार, मी आठवड्यातून चार दिवस तुमच्याबरोबर जेवले तर चालेल का, दोन दिवस मी करीन. त्या खर्चाचं काही बोलतील, ते आधीच ठरवून घे, मागाहून कुरबुर नको. आणि घरातली दोन कामं अंगावर घे, बोलल्याशिवाय न होणारी. त्यांची औषधं आणणं हे एक. गॅस असेल तर सिलिंडर मागवणं हे दुसरं. तिथे नारिंगी रंगाचा, साडेबारा किलोचा असतो, आपल्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरचा धाकटा भाऊ. सत्तरीच्या बाईंना तो सरकवायलाही कुणीतरी हवंच असतं.

बाजारात जा, सुपरमार्केटात नको. सुपरमार्केटात 'पिशवी हवी का' एवढंच कुणी विचारतं. पूल ओलांडून त्रियानाच्या बाजारात जा, शनिवारी नव्हे, मधल्या वारी वर्ग सुटल्यावर, म्हणजे विकणाऱ्यांना वेळ असतो. (त्या बाजाराच्या खाली इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या जुन्या धर्मन्यायालयाच्या, किल्ल्याचे अवशेष आहेत. वर लोक निवांत पालक निवडत असतात.) गाळ्यापाशी रांग दिसणार नाही, नुसती माणसं उभी असतील. जाताच विचारायचं, 'क्येन एस एल उल्तिमो?' शेवटचं कोण? एक हात वर होईल, की तुझा नंबर त्या हातानंतर. हा एकच प्रश्न आला की तू प्रवासी राहत नाहीस, गिऱ्हाईक होतेस. मग इंग्रजी कुणी काढत नाही.

तरी कुणी काढलंच, तर उत्तर स्पॅनिशमध्येच दे, कितीही मोडकं असो. 'एस्तोय अप्रेन्दियेन्दो', शिकतेय मी. बहुतेकांना एवढं पुरतं. ती माणसं मदत म्हणून इंग्रजी बोलतात, तुझी परीक्षा घ्यायला नाही. म्हाताऱ्या माणसांशी बोल, त्यांना इंग्रजी येत नाही आणि त्यांना घाईही नसते. भाषा बदलून बोलायच्या 'इंतेरकाम्ब्यो'च्या संध्याकाळी बारमध्ये भरतात, त्यांना जायला हरकत नाही. पण माझा अनुभव असा की तिथे सगळे आपापल्या भाषेत मोकळे होतात आणि दुसऱ्याच्या भाषेत 'तू कुठली' इथेच अडकतात.

खाण्याचं. 'सोय व्हेखेतारियाना' एवढ्यानं तिथे भागत नाही, कारण हॅम हे अनेकांच्या लेखी मांस नसतंच, ते मिठासारखं वरून भुरभुरायचं असतं. ट्यूना सॅलडमध्ये न सांगता येतो. पूर्ण वाक्य पाठ कर: 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन.' मांस नको, मासा नको, हॅम नको. सूप असेल तर आणखी विचार, 'एल काल्दो एस दे कार्ने?' पाणी मांसाचं आहे का? सालमोरेखो नावाच्या थंड टोमॅटो सुपावर अंडं आणि हॅम दोन्ही पेरतात, 'सिन हामोन' सांगितलं की नुसतं अंडं येतं, ते तुला चालतं. आणि सेव्हिलमध्ये राहून तू 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' खाल्लं नसशील तर खोली सोड आणि आत्ता जा. पालक आणि छोले, जिरं घातलेलं, लसूण, वर तळलेला पाव. पहिल्या घासाला मला वाटलं होतं की कुणीतरी बडोद्याहून डबा पाठवलाय. अंडं-बटाट्याचं तोर्तिया कुठेही मिळतं. सकाळी भाजलेला पाव, टोमॅटो, ऑलिव्ह तेल. उपाशी राहायचं काही कारण नाही. फक्त रस्त्यावरच्या झाडांची संत्री तोडून खाऊ नकोस, ती कडू जातीची असतात. 'नारान्खा' हा शब्द मात्र आपल्याच 'नारंग'वरून फारसी-अरबीमार्गे तिकडे गेलाय, हे भाजीवाल्याला सांगून बघ.

एप्रिलच्या आसपास होली वीक, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, येईल. टोकदार टोप्यांनी चेहरे झाकलेल्या माणसांच्या मिरवणुका रात्रभर चालतात, पाहून दचकू नकोस. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी 'फेरिया', म्हणजे मोठी जत्रा. तिथले बहुतेक तंबू खासगी, ओळखीशिवाय आत जाता येत नाही. नर्सिंगवाल्या मुलीशी मैत्री करायला तुझ्याकडे तोवर वेळ आहे. आणि तिथे नाचतात ती 'सेवियानास' चार भागांत असते, पावलं ठरलेली. नवरात्रात नऊ रात्री पाय न थांबवणाऱ्या बडोद्याच्या मुलीला ती दोन संध्याकाळींत येते. तोंड बंद असेल तेव्हा पाय बोलू देत.

आता बाबा. त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हवाई दलासाठी ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला. १६ सेव्हिलहून तयार आणायची, ४० बडोद्यात जोडायची असं ठरलं. पहिलं विमान २०२३च्या सप्टेंबरात सेव्हिललाच आपल्या ताब्यात दिलं गेलं आणि उडत येऊन आधी बडोद्यालाच उतरलं. २८ ऑक्टोबर २०२४ ला कारखान्याचं उद्घाटन करायला मोदींबरोबर स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ स्वतः बडोद्यात आले, त्या दिवशी लक्ष्मी विलास राजवाड्याकडचे रस्ते बंद होते ते बाबांना आठवत असेल. हे सगळं खरं. पण यातून 'दुभाषे लागतील' पासून 'माझ्या मुलीला लागेल' पर्यंत बाबा एका उडीत गेलेत. विमान जोडणाऱ्यांमध्ये बसून भाषांतर करणाऱ्याला 'मला चहा आवडतो' पुरत नाही, त्याला बिजागरीला काय म्हणतात ते लागतं. (बिसाग्रा म्हणतात. आपली बिजागरी पोर्तुगीजांकडून आली, ते शब्द चुलत भाऊ आहेत.) तू कॉमर्सची आहेस, तर बिलं, करार, आयात-निर्यातीचे कागद स्पॅनिशमध्ये वाचायला शीक. सेव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड फुकट मिळतं, तिथे आर्थिक वर्तमानपत्रं असतात. आणि स्पॅनिश किती येतं ते तपासणारी 'देले'ची बी-२ पातळीची परीक्षा दे. इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेसचं ते प्रमाणपत्र कधी बाद होत नाही, पुढे नोकरी विमानाची असो की औषधाची.

मामाला एक वाक्य पाठ करून ठेव. 'मि तियो आब्ला देमासियादो.' माझा मामा फार बोलतो. तो खूश होईल, अर्थ विचारणार नाही.

राहिला जूनचा प्रश्न. मी हो किंवा नाही म्हणायला तयार आहे, पण तुझ्या अटीवर नाही, माझ्या. सध्या जशी राहतेस तशीच आणखी सहा महिने राहणार असशील तर परत ये. मुदतवाढीसाठी दाखवावे लागणारे पैसेच सध्या महिना ६०० युरो, म्हणजे सहा महिन्यांचे ३,६००, साडेतीन लाखांच्या वर, वर कोर्सची फी आणि विमा वेगळा. साडेसातला खोलीत मॅगी खाण्यासाठी बाबांनी तेवढं कर्ज वाढवायचं नाही. पण एप्रिलअखेरपर्यंत तू आठवड्यातून चार रात्री त्या टेबलाशी जेवलीस, आणि घरमालकीणबाई एकदा तरी तुझ्यावर ओरडल्या (आपलं माणूस मानल्याशिवाय तिथे कुणी ओरडत नाही), तर राहा, आणि बाबांना मी सांगितलं म्हणून सांग.

मात्र ठरवायला एप्रिलअखेर असली तरी कागदांना नाही. मुदतवाढीचा अर्ज राहण्याची मुदत संपायच्या आधीच्या दोन महिन्यांत करायचा असतो. वर्गातली हजेरी आणि पास झाल्याचा दाखला, पुढच्या कोर्सचा प्रवेश, आरोग्यविमा, बँकेचा पुरावा, पासपोर्टची वैधता, हे मार्चमध्येच गोळा करून एका फाइलमध्ये लाव. घराच्या पत्त्याची नगरपालिकेतली नोंद, ते ज्याला 'एम्पाद्रोनामिएन्तो' म्हणतात ती, केली नसशील तर घरमालकीणबाईंना बरोबर घेऊन जा. त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते, 'सीता प्रेव्या', आणि ती सहज मिळत नाही. पत्र वाचून झालं की आधी ती घे, भाकरवडीचं नंतर बघू.